वक्राखालचं क्षेत्रफळ: मांडवीकाठचं शेत, कालव्याचं आवर्तन आणि खोडदची दुर्बीण

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लेखी अवतार. ऐकताना आकडे कानावरून निघून जातात, आणि या भागात आकडेच आकडे आहेत. म्हणून इथे ते नीट मांडलेत. माझं 'म्हणजे बघा', 'काय होतं ना' वगैरे बरंचसं गाळलंय, सगळं नाही.

विषय आहे डेफिनिट इंटिग्रल. मराठीत निश्चित संकलन. बारावी सायन्स केलेल्यांना आठवत असेल: लांबट वळणदार चिन्ह, त्याच्या पायाशी एक आकडा, डोक्यावर एक आकडा. सूत्र लावायचं, वरचा आकडा घालायचा, खालचा घालायचा, वजाबाकी करायची, मार्क घ्यायचे. 'एरिया अंडर द कर्व्ह' हे चार शब्द सगळ्यांना पाठ. पुढे बीटेकला गणिताचे पेपर झाले, त्यातही तेच. पण कशाचा एरिया? आणि तो काढून करायचं काय? पुस्तकातला वक्र हवेत तरंगत असतो, त्याच्या खाली ना जमीन ना पाणी.

माझं गाव ओतूर. तेव्हा आपण हा वक्र आधी जमिनीवर आणू.

समजा मांडवी नदीच्या काठाला एक शेत आहे. एका बाजूला सरळ बांध, ६० मीटर लांब. समोरच्या बाजूला नदी, आणि नदीला काटकोन कुठे माहीत असतो? ती वळण घेत जाते. बांधाच्या एका टोकाला शेताची रुंदी १८ मीटर, दुसऱ्या टोकाला १६. मध्ये नदी बाहेर वळलेली, त्यामुळे शेताला चांगलंच पोट आलंय. प्रश्न साधा आहे: हे किती गुंठे?

गावाकडे अशा वेळी एक पद्धत हमखास वापरतात. चारी बाजूंना टेप लावायचा. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. आपल्या शेताला नदीकडची बाजू वळणासकट साधारण ६७ मीटर भरते. म्हणजे एक सरासरी १८ आणि १६ ची, ती १७. दुसरी ६० आणि ६७ ची, ती साडेत्रेसष्ट. गुणाकार साधारण १,०८० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, मीटरमध्ये १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे हे शेत १०.७ गुंठे. झालं.

झालं नाही. आता दुसऱ्या पद्धतीने मोजू. बांधावरून चालत जायचं आणि दर १० मीटरवर थांबून बांधाशी काटकोनात नदीपर्यंतचं अंतर घ्यायचं. समजा मापं अशी आली: १८, २२, २७, ३१, ३०, २४, १६. सात मापं, त्यांच्यामध्ये सहा पट्ट्या, प्रत्येक पट्टी १० मीटर रुंद. प्रत्येक पट्टीची डावी-उजवी उंची माहीत आहे. दोन्हींची सरासरी घ्या, १० ने गुणा, सहाही पट्ट्या मिळवा. उत्तर येतं १,५१० चौरस मीटर. १४.९ गुंठे.

१०.७ आणि १४.९. जमीन तीच. चार गुंठ्यांच्या वर फरक, आणि तोही मोजण्यात कुणी लबाडी न करता. दोन भावांची वाटणी असेल, कुणी जमीन खंडाने घेत असेल, किंवा नुसतं ठिबकचं आणि औषधाचं गणित असेल, तरी हे चार गुंठे कुणाच्या तरी अंगावर येणार. चार बाजूंच्या पद्धतीला शेताचं पोट दिसतच नाही. तिला फक्त कडा दिसतात. नदी बाहेर वळण्याऐवजी आत घुसली असती, तर हीच पद्धत उलट जास्त क्षेत्र दाखवून बसली असती.

पट्ट्यांची पद्धत काही माझी नाही. जुने मोजणीदार शंकू-साखळीने हेच करायचे. एक सरळ रेषा धरून तिच्यावर साखळी टाकायची आणि त्या रेषेपासून काटकोनात हद्दीपर्यंतची मापं घेत जायचं. मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा. आपला गुंठा आला तो असा. त्या माणसांनी कुठलंही लांबट चिन्ह काढलं नसेल, पण उन्हात उभं राहून ते जे करत होते ते निश्चित संकलनच.

आता खरी शंका. वरचं १,५१० हे उत्तर बरोबर आहे कशावरून? दोन मापांच्या मध्ये नदीने काय केलं ते आपण पाहिलेलंच नाही.

इथे एक युक्ती आहे आणि मला ती सगळ्या विषयात सर्वांत आवडते. नेमकं उत्तर माहीत नसलं तरी त्याला दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडता येतं. प्रत्येक पट्टीत जी उंची कमी आहे तीच घ्या: १८, २२, २७, ३०, २४, १६. बेरीज १३७, गुणिले १०, म्हणजे १,३७०. आता प्रत्येक पट्टीत जास्तीची उंची घ्या: २२, २७, ३१, ३१, ३०, २४. बेरीज १६५, म्हणजे १,६५०. हद्द ३१ पर्यंत चढत गेली आणि तिथून उतरत आली एवढं धरलं, तर खरं क्षेत्र १,३७० पेक्षा कमी नाही आणि १,६५० पेक्षा जास्त नाही. मधली फट २८० चौरस मीटरची.

ही २८० कुठून आली बघा. चढताना रुंदी १८ वरून ३१ झाली, म्हणजे १३ ने वाढली. उतरताना ३१ वरून १६, म्हणजे १५ ने घटली. १३ आणि १५ मिळून २८. गुणिले पट्टीची रुंदी १०. बस. आता पट्टी ५ मीटरची करा. २८ तेच राहतात, फट होते १४०. पट्टी १ मीटरची केली तर २८. दहा सेंटिमीटरची केली तर २.८ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या पलंगाएवढी. पट्टी बारीक करत जा, फट हवी तेवढी लहान होते. वरून येणारी आणि खालून येणारी बेरीज ज्या एकाच आकड्यावर भेटतात, तो आकडा म्हणजे डेफिनिट इंटिग्रल. ही त्याची व्याख्याच आहे. सूत्रं नंतर येतात.

आता ते चिन्ह वाचून बघा. लाइबनिट्सने १६७५ मध्ये ते वापरायला सुरुवात केली. तो नुसता ताणलेला 'एस' आहे, लॅटिनमधल्या 'सुम्मा' या शब्दाचा, म्हणजे बेरीज. पायाशी ०, डोक्यावर ६०: बांध कुठून कुठपर्यंत. मध्ये फंक्शन: त्या जागची रुंदी. शेवटी 'डीएक्स': पट्टीची बारीक जाडी. अख्खं वाक्य असं वाचायचं: ० पासून ६० मीटरपर्यंत चालत जा, प्रत्येक जागची उंची गुणिले पट्टीची जाडी करा, आणि सगळं मिळवा. 'डीएक्स' ही शेवटी लावायची शोभेची शेपटी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ती शेपटी काढली तर नुसत्या रुंद्यांची बेरीज उरते, आणि मीटरची बेरीज मीटरच राहते. क्षेत्रफळ होतच नाही.

आता तुमच्या खिशातल्या फोनकडे येऊ. शेताच्या कडेने फोन घेऊन चाललं की एकर-गुंठे सांगणारी अॅप्स तुम्ही पाहिली असतील. ती आतून काय करतात? मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला हा भाग जास्त रंजक वाटतो. फोन चालता चालता ठिपके साठवतो. प्रत्येक दोन ठिपक्यांमध्ये एक पट्टी. समजा पायाची रेषा म्हणून अॅपने शेताच्या बाहेरची, बांधापलीकडची एक आडवी रेषा धरली. तुम्ही नदीच्या कडेने पुढे चालता तेव्हा त्या रेषेपासून नदीपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या अधिक होतात. यात शेत आलं आणि बांधाबाहेरची जमीनही आली. मग तुम्ही वळून बांधाच्या कडेने परत येता. आता दिशा उलटी, म्हणून त्या रेषेपासून बांधापर्यंतच्या पट्ट्या वजा होतात. बाहेरची जमीन गेली, शेत उरलं. कोडमध्ये हे जेमतेम पाच-सहा ओळींचं लूप असतं.

म्हणजे क्षेत्रफळाला चिन्ह असतं. पुढे गेलं की अधिक, मागे आलं की वजा. शेताला उलटी फेरी मारली तर उत्तर उणे येतं. अॅप ते उणे चिन्ह गुपचूप पुसून टाकतं. आणि चालताना तुम्ही स्वतःचीच वाट ओलांडून इंग्रजी आठचा आकडा काढलात, तर एक वेटोळं अधिक, दुसरं वजा, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. अॅपवर विसंबणार असाल तर एवढं लक्षात असू द्या. आणखी एक: आपल्या शेताचा घेर साधारण १६१ मीटर आहे. फोनने सगळीकडे हद्द एक मीटर बाहेर दाखवली तर क्षेत्र जवळपास १६१ चौरस मीटरने, म्हणजे दीड गुंठ्याच्या वर वाढतं. फोनचं जीपीएस एखाद-दोन मीटर सहज इकडेतिकडे होतं. पाच एकराला हा फरक चालून जाईल, पंधरा गुंठ्यांना नाही. वाटणीला बसायचं असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच करून घ्या. तिथे यंत्र अचूक असतं आणि कागदाला किंमत असते. हिशोबामागचं तत्त्व मात्र हेच.

जमीन झाली. आता पाणी. आणि इथे 'एरिया' हा शब्द जरा मागे ठेवू.

आपल्या भागात कुकडी प्रकल्पाची पाच धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि ओतूरच्या अगदी जवळचं पिंपळगाव जोगे. येडगावहून निघणारा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. उन्हाळ्यात आवर्तन सुटलं की दोन प्रकारचे आकडे कानावर येतात. एक क्युसेकमध्ये: 'इतक्या क्युसेकने विसर्ग'. दुसरा टीएमसीमध्ये: 'इतकं टीएमसी पाणी'. लोक दोन्ही एकाच दमात बोलतात. पण क्युसेक हा वेग आहे, एका सेकंदाला किती घनफूट. टीएमसी हा साठा आहे, शंभर कोटी घनफूट. नुसत्या क्युसेकवरून किती पाणी मिळालं ते सांगताच येत नाही, किती वेळ हे विचारावं लागतं.

एक क्युसेक दिवसभर चालला तर ८६,४०० घनफूट. त्यावरून एक आकडा पाठ करण्यासारखा निघतो: ११,५७४ क्युसेक अख्खा एक दिवस म्हणजे एक टीएमसी. पावसाळ्यात बातम्या ऐकताना हा आकडा फार उपयोगी पडतो.

आता समजा कालव्याला दहा दिवसांचं आवर्तन सुटलं आणि सगळीकडे बोललं गेलं '१,२०० क्युसेक, दहा दिवस'. गुणाकार केला तर १.०४ टीएमसी. पण कालवा बटण दाबल्यासारखा सुरू होत नाही. पाणी हळूहळू वाढवतात, हळूहळू कमी करतात. समजा रोजची सरासरी अशी होती: ३००, ८००, मग चार दिवस १,२००, मग १,१००, ९००, ५००, २००. बेरीज ८,६००. गुणिले ८६,४००. उत्तर ७४ कोटी ३० लाख घनफूट, म्हणजे पाऊण टीएमसीला थोडं कमी. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण फरक बघा: 'दहा दिवस १,२००' या बोलण्यात आणि प्रत्यक्ष पाण्यात जवळपास ०.३ टीएमसीची तफावत. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या माणसाला हा फरक कागदावर कळत नाही, पिकावर कळतो.

आलेख काढा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर क्युसेक. आलेखाला चढ, माथ्यावर सपाटी, मग उतार. त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे पाणी. कागदावर ते चौकोनांमध्ये मोजता येईल, पण ते चौरस मीटर नाही, गुंठे नाहीत. सेकंदाला घनफूट गुणिले सेकंद, उरले घनफूट. उभ्या अक्षाचं एकक गुणिले आडव्या अक्षाचं एकक: क्षेत्रफळ कशाचं आहे ते हा गुणाकार सांगतो. मोटारीच्या मीटरवरचं युनिट असंच, किलोवॅट गुणिले तास. पुस्तकात दोन्ही अक्षांवर नुसते एक्स आणि वाय असतात, म्हणून तिथलं क्षेत्रफळ कशाचंच नसतं. माझ्या मते विषय कोरडा वाटतो तो इथेच.

धरणाचं पाहिलं की आणखी एक मोठी गोष्ट आपोआप कळते. धरणात पाणी येतं, धरणातून पाणी जातं: कालव्याने, नदीत सोडून, बाष्प होऊन, जमिनीत मुरून. येणारं वजा जाणारं असा एकच आलेख काढा. पावसाळ्यात तो शून्याच्या वर, उन्हाळ्यात शून्याच्या खाली. वरचं क्षेत्रफळ अधिक, खालचं वजा. १ जूनपासून पुढच्या ३१ मेपर्यंत सगळं मिळवलं तर काय मिळेल? वर्षभरात साठा किती बदलला ते. पण थांबा. ते काढायला वर्षभराच्या पट्ट्या मिळवायची गरज काय? धरणाच्या भिंतीजवळची मोजपट्टी शेवटच्या दिवशी वाचा, पहिल्या दिवशीचं वाचन त्यातून वजा करा. झालं.

बारावीतली 'वरची मर्यादा घाला, खालची घाला, वजा करा' ही कृती म्हणजे हेच. त्याला कलनशास्त्राचं मूलभूत प्रमेय म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण आत धरणाची मोजपट्टी आहे. दर माहीत असेल आणि तो दर ज्याच्या बदलाचा आहे तो 'साठा' सापडला, तर बेरीज करत बसायची गरज नाही. सूत्र शोधणं म्हणजे तो साठा शोधणं.

पडताळा फोनवरच करता येतो. पायथनचं एखादं अॅप घ्या. वाय बरोबर एक्सचा वर्ग, ० पासून ३ पर्यंत. तीन पट्ट्या पाडल्या तर कमीची बेरीज ५, जास्तीची १४. तीस पट्ट्या पाडल्या तर ८.५५५ आणि ९.४५५. तीनशे पाडल्या तर ८.९५५ आणि ९.०४५. दोन्ही आकडे ९ च्या दोन बाजूंनी सरकत येताना दिसतात. आता मोजपट्टी वाचा: एक्सचा घन भागिले ३. तीनला २७ भागिले ३, म्हणजे ९. शून्याला ०. वजाबाकी ९. तीनशे पट्ट्यांनी जिथे पोचता पोचता राहिलो, तिथे दोन वाचनांत पोचलो. पण लक्षात घ्या, नदीच्या हद्दीला असं सूत्र नसतं. तिथे पट्ट्याच पाडाव्या लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. नोकरीत मला प्रत्यक्ष डेटावर जितक्या वेळा इंटिग्रल लागलं, तितक्या वेळा पट्ट्यांनीच काम झालंय.

पट्ट्या फक्त सपाट गोष्टींच्याच पाडतात असं नाही. ओतूरच्या कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी करतात. एका पिंडीत तांदूळ किती घनफळाचे? आडवे काप मनात पाडा, प्रत्येक कापाचं क्षेत्रफळ गुणिले जाडी, आणि बेरीज. हीच कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये. चाळीसगावजवळच्या पाटण गावात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त गोलाच्या पृष्ठफळाचा विचार केलाय, आणि आपल्या स्पष्टीकरणात ते उदाहरण देतात आवळ्याचं. आवळ्यावर देठापासून खालपर्यंत रेघा असतात ना, तशा गोलाच्या पृष्ठभागाच्या फाका करा. एका फाकेचे आडवे बारीक तुकडे करून त्यांची बेरीज घ्या, मग सगळ्या फाका मिळवा. उत्तर: परीघ गुणिले व्यास. अगदी बरोबर. तुकडे शून्याकडे नेण्याची काटेकोर भाषा तेव्हा नव्हती, त्यामुळे 'इंटिग्रेशन आमच्याकडेच लागलं' असं छाती फुगवून म्हणायचं मी टाळतो. पण तुकडे करून मिळवण्याची नजर होती, आणि ती आवळ्याकडे बघून आली असेल तर मला त्यात जास्त मजा वाटते.

शेवटचं उदाहरण आपल्याच तालुक्यातलं. ओतूरहून नारायणगावला गेलं की पुढे खोडद. तिथली जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गावाकडच्या कित्येकांनी त्या फक्त लांबून पाहिल्यात. आणि ज्यांनी जवळून पाहिल्यात त्यांना आठवत असेल, तिथे फोन बंद ठेवायला सांगतात, कारण आकाशातून येणाऱ्या संकेतापुढे आपला फोन म्हणजे कानाशी लावलेला डीजे.

विश्वात हायड्रोजन वायू भरपूर आहे आणि त्याचे अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतात. एखाद्या दीर्घिकेत किती हायड्रोजन आहे हे कळायला तिच्याकडून येणाऱ्या लहरींचा आलेख काढतात. आडवा अक्ष वारंवारतेचा, उभा अक्ष तीव्रतेचा. हायड्रोजन असेल तर आलेखाला एका ठिकाणी उंचवटा येतो. त्या उंचवट्याखालचं क्षेत्रफळ घ्या, दीर्घिकेचं अंतर हिशोबात धरा, आणि मिळतं हायड्रोजनचं वस्तुमान. वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे वायू! उंचवटा किती उंच आहे यावर ते ठरत नाही. दीर्घिका वेगाने फिरत असेल तर तोच वायू बुटक्या पण पसरट उंचवट्यासारखा दिसतो. कालव्याचीच गोष्ट: माथा बघायचा नसतो, क्षेत्रफळ बघायचं असतं.

२०२३ च्या जानेवारीत जीएमआरटीच्या निरीक्षणांवरून मॅकगिल विद्यापीठाचे अर्णब चक्रवर्ती आणि बंगळूरच्या आयआयएससीचे निरुपम रॉय यांनी एका अतिदूरच्या दीर्घिकेतला हायड्रोजन सापडल्याचं जाहीर केलं. तिथून निघालेली २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन आपल्यापर्यंत येताना ४८ सेंटिमीटरची झाली होती. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम करून संकेत सुमारे ३० पट मोठा केला, म्हणून तो दिसला तरी. आणि क्षेत्रफळावरून निष्कर्ष निघाला तो असा: त्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या जवळपास दुप्पट वस्तुमानाचा हायड्रोजन वायू आहे.

इथे उणे क्षेत्रफळाची खरी किंमत कळते. इतक्या क्षीण संकेताचा आलेख गुळगुळीत नसतो. तो सतत थरथरतो, शून्याच्या वर, शून्याच्या खाली. ही थरथर दीर्घिकेची नाही, यंत्रातल्या आणि आकाशातल्या गोंगाटाची. पट्ट्या मिळवताना वरच्या अधिक आणि खालच्या वजा धरल्या तर गोंगाट बराचसा स्वतःलाच खोडतो, अगदी त्या आठच्या आकड्याच्या दोन वेटोळ्यांसारखा. हायड्रोजनचा भाग मात्र एकाच दिशेचा असतो, तो साठत जातो. 'क्षेत्रफळ कधी उणे असतं का' म्हणून कुणी सगळ्याच पट्ट्या अधिक धरल्या, तर गोंगाटही साठत जाईल आणि जिथे वायूचा अणूही नाही तिथे ढगच्या ढग सापडतील. परीक्षेत 'एकूण क्षेत्रफळ काढा' आणि 'इंटिग्रल काढा' हे दोन वेगळे प्रश्न असतात, ते यासाठी. पहिल्यात उणे भागाचं चिन्ह बदलायचं, दुसऱ्यात हात लावायचा नाही. कुठला प्रश्न कुठे विचारायचा ते समोर काय आहे यावर ठरतं: रंगवायची भिंत असेल तर पहिला, धरणाचा साठा किंवा खोडदचा आलेख असेल तर दुसरा.

मूळ शेताबद्दल एक हिशोब तुमच्यासाठी सोडतो. सात मापं तीच: १८, २२, २७, ३१, ३०, २४, १६. पट्ट्यांच्या वरच्या कडा सरळ न धरता, दोन-दोन पट्ट्यांवर मिळून एक गोलसर वळण बसवलं तर? त्याला सिम्पसनचा नियम म्हणतात. पहिलं आणि शेवटचं माप एकदा. दुसरं, चौथं, सहावं चारदा. तिसरं, पाचवं दोनदा. सगळ्यांची बेरीज, गुणिले १०, भागिले ३. उत्तर काय येतं ते कमेंटमध्ये टाका, आणि १,५१० पेक्षा ते कमी आलं की जास्त, आणि का, हेही लिहा. शेताच्या पोटाकडे बघितलंत तर 'का' लगेच सापडेल.